‘त्या दिवशी मरशील’ म्हटलं, तरी आदाम 930 वर्षं कसा जगला? पाप, आत्मिक मरण आणि तारणाविषयी

सलाम ताई. तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिसऱ्या पिढीतल्या ख्रिस्ती. ऑफिसातल्या मित्राने उत्पत्तीचं पुस्तक वाचायला घेतलं आणि तुम्हाला गाठलं. एदेन बागेतल्या एका झाडाविषयी देवाने आदामाला बजावलं होतं, "ज्या दिवशी तू त्याचे फळ खाशील त्या दिवशी तू खास मरशील." पण पाचव्या अध्यायात आदाम 930 वर्षं जगल्याचं लिहिलंय. मग देव खोटं बोलला का? तुम्ही सांगितलंत, "ते आत्मिक मरण." त्यावर तो म्हणाला, "म्हणजे नेमकं काय मेलं?" आणि तिथे तुमची गाडी अडली. मग तुमचे स्वतःचे प्रश्न सुरू झाले. सज्जन माणसाला तारणाची गरज काय? एकदा मिळालेलं तारण जातं का? आणि पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याआधीच्या तुमच्या घराण्यातल्या माणसांचं काय?

मी मराठी मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून राहिलो, दृढीकरणाचे (बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करतात, त्या विधीच्या तयारीचे) वर्ग घेतले, पुढे धर्मज्ञान शिकवलं. पहिले तीन प्रश्न प्रत्येक वर्गात येतात. चौथा वर्गात कुणी विचारत नाही. वर्ग सुटल्यावर दाराशी रेंगाळून, बाकीचे गेले याची खात्री करून, मग विचारतात.

मित्राचा आक्षेप प्रामाणिक आहे आणि जुनाही. येशूच्या आधीच यहुदी विद्वानांना हा पेच पडला होता. 'ज्युबिलीज' नावाच्या प्राचीन यहुदी ग्रंथात त्याचं उत्तर असं आहे: देवाच्या दृष्टीने हजार वर्षं म्हणजे एक दिवस, आदाम हजाराला सत्तर कमी असताना मेला, म्हणजे त्याच 'दिवशी' मेला. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरनेही हाच हिशेब दिलाय. चतुर उत्तर आहे, पण माझं समाधान त्याने कधी झालं नाही. वर्गातल्या पोरांचंही होत नाही, ती हसतात.

त्यापेक्षा भक्कम उत्तर शास्त्रातच दुसरीकडे आहे. पहिल्या राजांच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, शलमोन राजा शिमीला ताकीद देतो: यरुशलेमेतच राहा, ज्या दिवशी किद्रोन ओहोळापलीकडे जाशील त्या दिवशी तू खास मरशील. शिमीचे दोन दास पळून गथ गावी जातात. तो गाढवावर खोगीर घालून त्यांच्यामागे जातो आणि त्यांना घेऊन परतही येतो. मग राजाला बातमी लागते, बोलावणं येतं, आणि तेव्हा त्याचा वध होतो. आता गथपर्यंत जाऊन यायचं म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. तरीही शलमोन खोटं बोलला असं तिथे कुणी म्हणत नाही, कारण ओहोळ ओलांडला त्याच दिवशी शिमीच्या जगण्याचा हक्क संपला होता. एदेनातलं वाक्य याच धाटणीचं आहे. फळ खाल्लं त्या दिवशी शिक्षा लागू झाली. जीवनाच्या झाडाकडची वाट बंद झाली आणि माती मातीकडे निघाली.

पण मित्राने विचारलंय, "काय मेलं?" याचं उत्तर द्यायला नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राकडे धाव घ्यायची गरज नाही. उत्पत्तीचा तिसरा अध्याय सावकाश वाचा. फळ खाल्ल्याखाल्ल्या कोसळून पडल्याचं लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं: त्यांचे डोळे उघडले, आपण नग्न आहोत हे त्यांना कळलं, त्यांनी अंजिराची पानं शिवली. म्हणजे कालपर्यंत ज्या दोघांना एकमेकांसमोर लाज नव्हती, त्यांच्यात आता आडोसा आला. संध्याकाळी बागेत देवाची चाहूल लागली, तर ज्याच्याशी बोलणं नेहमीचं होतं त्याला भिऊन ते झाडांमागे लपले. देव हाक मारतो, "तू कोठे आहेस?" आदाम उत्तर देतो, आणि त्या उत्तरात बायकोला 'जी स्त्री तू मला सोबतीस दिली' असं म्हणतो. कालच तो तिला 'माझ्या हाडातले हाड' म्हणाला होता. एका वाक्यात त्याने बायकोवर खापर फोडलं आणि देवावरही. पुढे जमीन शापित होते, घाम गाळल्याशिवाय भाकर मिळत नाही. पान उलटलं की भावाने भावाला शेतात नेऊन मारलेलं आहे.

त्या दिवशी हे सगळं मेलं. देवाशी नातं, स्वतःशी नातं, नवराबायकोचं नातं, जमिनीशी नातं. शरीर 930 वर्षं चालत राहिलं. आता 'आत्मिक मरण' हा शब्दप्रयोग त्या अध्यायात नाही, हे मित्रापुढे कबूल करा. तो अर्थ पुढे पौलाने आणि योहानाने उलगडला. इफिसकरांना पौल लिहितो की तुम्ही आपले अपराध व आपली पातके यांमुळे मृत झालेले होता, आणि ज्यांना लिहितोय ती माणसं तर धडधाकट, व्यापारउदीम करणारी, त्या मोठ्या शहरात नांदणारी.

तरी हा विषय मी पत्रांपासून शिकवत नाही. मी लूकच्या पंधराव्या अध्यायापासून सुरू करतो. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागून दूरदेशी जातो, उधळपट्टी करतो, डुकरं चारतो, शेवटी परत येतो. बाप म्हणतो, "हा माझा मुलगा मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे." पण तो मेला कुठे होता? तो खात होता, पीत होता, पैसे उडवत होता. बापापासून तुटून जगणं यालाच येशूने मरण म्हटलंय. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. माझा जीव अडकतो तो थोरल्यात. तो घर सोडून कुठेही गेला नाही. शेतात राबला, एकही आज्ञा मोडली नाही, असं तो स्वतःच सांगतो. पण धाकट्याविषयी बोलताना तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. बाप त्याला हळूच दुरुस्त करतो: "हा तुझा भाऊ." थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलंच नाही. दाखला ऐकायला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, उभे होते, म्हणजे पुढचं त्यांनी ठरवायचं होतं. मेलेला माणूस बापाच्या अंगणातही सापडतो, देवळाच्या पहिल्या बाकावरही सापडतो.

सज्जन माणसाच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच निघतं, पण त्याआधी एक अडचण बाजूला करू. आपण महाराष्ट्रात वाढलो. ख्रिस्ती असलो तरी पाप आणि पुण्य एकमेकांतून वजा होतात हा हिशेब आपल्या हाडीमाशी मुरलेला असतो. इतकी पापं, इतकं पुण्य, शिल्लक पुण्याची राहिली की झालं. मंडळीतले वडीलधारेसुद्धा अंत्यविधीच्या उपदेशानंतर म्हणतात, "फार चांगलं माणूस, नक्की प्रभूकडे गेलं." हे दुःखात निघालेले शब्द आहेत, त्यांना मी कधी टोकत नाही. पण ख्रिस्ती विश्वासात असा जमाखर्च नाही. चांगलं कृत्य हे मुळात देणंच आहे, त्याची जास्तीची पावती मिळत नाही. आणि तुटलेलं नातं बेरजेने जुळत नाही. बायकोशी महिनोन्‌महिने न बोलणाऱ्या नवऱ्याने पगार वेळेवर आणून दिला, म्हणून संसार झाला असं होतं का?

योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम रात्री येशूकडे येतो. तो परूशी, यहुद्यांचा अधिकारी, इस्राएलाचा गुरू. पूर्ण गावात बोट ठेवायला जागा नसावी असा गृहस्थ. "नव्याने जन्म झाल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही" हे वाक्य येशूने त्याला ऐकवलं. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला नाही, लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयालाही नाही. जक्कय झाडावरून उतरला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याची चौपट भरपाई द्यायला तयार झाला, आणि त्याला ऐकायला मिळालं, "आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे." सर्वांत अवघड वाक्य येशूने सर्वांत सज्जन माणसासाठी राखून ठेवलं होतं. माझ्या मते त्याचं कारण असं, की जक्कयाला आपण कोण हे माहीत होतं. निकदेमाला ते कळण्याची वाटच त्याच्या चांगुलपणाने बुजवली होती.

मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना जाते. चपलेत खडा रुततो, जखम चिघळते, माणूस चालतच राहतो. दुखत नाही म्हणून त्याला वाटतं सगळं ठीक आहे. आत्मिक मरणाचं लक्षण मला विचाराल तर हेच. पापाची टोचणी लागलेला माणूस पाळकाच्या दारात येतो तेव्हा मी निम्मा निश्चिंत असतो. "मी कुणाचं काय वाईट केलंय?" असं म्हणणाऱ्याविषयी मात्र घाई करता येत नाही, आणि त्याला दोष देऊनही भागत नाही. त्याला खरंच दुखत नसतं.

मग पाप म्हणजे काय? दृढीकरणाच्या वर्गात मुलं यादी सांगतात: खोटं बोलणं, चोरी, सिनेमा, दारू. (सिनेमा आता यादीतून गेला, त्याच्या जागी मोबाइल आला.) याद्या उपयोगी असतात, दहा आज्ञा हीसुद्धा यादीच आहे. पण रोमकरांस पत्राच्या पाचव्या ते आठव्या अध्यायांत पौल पापाविषयी बोलतो तेव्हा ते राज्य करणाऱ्या धन्यासारखं येतं: माणूस त्याचा दास असतो आणि महिनाअखेर मिळणारं वेतन म्हणजे मरण. त्याच्या समोर पौल 'वेतन' ठेवत नाही, 'कृपादान' ठेवतो. कॅथॉलिक मंडळी पापांची प्राणघातक आणि लघु अशी वर्गवारी करते. प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, आणि मनापासून संमती हवी. प्रॉटेस्टंट शिक्षक ही वर्गवारी उडवून लावतात. मला ती कामाची वाटते, विशेषतः स्वतःला उगाच छळणाऱ्या हळव्या माणसांसाठी. जाणीव नव्हती, संमती नव्हती, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

आणखी एक. पाप एकट्यादुकट्याचंच असतं असं समजू नका. आमोस, यशया, मीखा हे संदेष्टे वजनात मारणाऱ्या बाजारावर आणि लाच खाणाऱ्या न्यायसभेवर तुटून पडतात. आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतरही जात लग्नाच्या बोलणीत डोकं वर काढते. हे पाप कुणाच्याच वैयक्तिक यादीत येत नाही, म्हणून त्याची कबुलीही कुणी देत नाही. ऐंशीच्या दशकापासून अरविंद निर्मळ यांच्यासारख्या दलित धर्मशास्त्र्यांनी हेच मांडलं, की ज्याच्यावर पाप केलं जातं त्याच्याकडून पाहिल्याशिवाय पापाची व्याख्या पुरी होत नाही. हे अनेकांना रुचलं नाही. मला ते संदेष्ट्यांशी जुळणारं वाटतं.

आदामाने केलं ते आपल्याला का भोवावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्र पुढच्या वेळी विचारेल. इथे मंडळ्यांमध्ये खरा मतभेद आहे. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन (354–430) म्हणाला की आदामाचं पाप आणि त्याचा दोष, दोन्ही जन्मासोबत येतात. त्याच्याविरुद्ध पेलागियस म्हणत होता की मूल कोरं जन्मतं, आदामाने फक्त वाईट कित्ता घालून दिला. 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत नाकारलं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी मात्र तेव्हापासून आजतागायत म्हणते की आपल्याला आदामाकडून मर्त्यपणा आणि बिघडलेला स्वभाव मिळतो, त्याचा दोष मिळत नाही. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असं स्वच्छ लिहिलंय. माझा कल पूर्वेकडे आहे. आपल्या मंडळीत तो फारसा शिकवला जात नाही, पण चोरूनही ठेवावा लागत नाही.

हा पुस्तकी वाद वाटतो ना? एकदा एका घरी गेलो. चार दिवसांचं बाळ गेलं होतं, बाप्तिस्मा व्हायचा होता. आजीने कपाटातून पांढरं झबलं काढून माझ्यापुढे ठेवलं. बाप्तिस्म्यासाठी शिवलेलं, अजून घडी न मोडलेलं. म्हणाली, "पाळकसाहेब, आता?" ऑगस्टिनच्या मते त्या बाळालाही दंड होता, अगदी सौम्य असला तरी. मध्ययुगात त्याला 'लिंबो' नावाची वेगळी जागा दिली गेली. 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने लिहिलं की अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. मी त्या आजीला यातलं काहीच सांगितलं नाही. दावीदाचं बाळ गेलं तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही. ते वाचलं. प्रार्थना केली. झबलं बाळाला घालायला सांगितलं.

आता वधस्तंभ. रविवारच्या शाळेत एक गोष्ट सर्रास सांगतात: न्यायाधीश दंड ठोठावतो आणि मग खुर्चीवरून उतरून स्वतःच भरतो. गोष्ट वाईट नाही. पण ती एकटीच सांगितली की मुलांच्या मनात चिडलेला बाप आणि मार खाणारा मुलगा असं चित्र उरतं, आणि ते शास्त्राच्या विरुद्ध आहे. पौल लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता. समेट करणारा देवच आहे. त्याचं मन वळवायला कुणी बाहेरून आलेलं नाही. मंडळीने दोन हजार वर्षांत वधस्तंभाचा अर्थ लावायच्या अनेक रीती वापरल्या. आरंभीचे शिक्षक म्हणत की दास्यातल्या माणसासाठी खंडणी भरली गेली. कँटरबरीच्या अन्सेल्मने 1098 च्या सुमारास लिहिलं की देवाच्या मानाची भरपाई माणसाने द्यायला हवी, पण फक्त देवच ती देऊ शकतो, म्हणून देव माणूस झाला. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी, विशेषतः कॅल्विनने, शिक्षा आपल्याऐवजी ख्रिस्ताने सोसली यावर भर दिला. मला यांत निवड करायला आवडत नाही. तरी आत्मिक मरण म्हणजे काय हे विचारणाऱ्याला मी पूर्वेकडचं एक चित्र दाखवतो. इस्तंबूलच्या पूर्वीच्या कोरा चर्चमध्ये (आता तिथे मशीद आहे) चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र आहे. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त अधोलोकाचे दरवाजे पायदळी तुडवून उभा आहे, खाली कुलपं आणि किल्ल्या विखुरल्यात, आणि दोन्ही हातांनी त्याने आदाम आणि हव्वेला थडग्यांतून खेचलंय. त्याने त्यांना मनगटाला धरलंय. मेलेल्याच्या हातात पकड नसते, त्यामुळे धरायचं काम त्यानेच करायचं.

कृपा म्हणजे हेच. इफिसकरांसच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या वचनात "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे" आहे, नवव्यात कर्मांनी झालेलं नाही असं आहे, आणि दहाव्यात लगेच, सत्कृत्ये करण्यासाठी आपण निर्माण केलेले आहोत असं आहे. आपले लोक नवव्यापाशी थांबतात. दहावं वचन सोडलं की 'कृतींशिवाय विश्वास निर्जीव' म्हणणारं याकोबाचं पत्र उगाच शत्रुपक्षाचं वाटू लागतं. लूथरने 1517 नंतर युरोपात जो वाद पेटवला तो याच तीन वचनांभोवती फिरला, आणि कॅथॉलिक मंडळीच्या त्रेंत परिषदेने (1545–63) त्याला उत्तर दिलं. दोन्हीकडे रक्त सांडलं. फार थोड्या मराठी ख्रिस्ती लोकांना माहीत आहे की 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथॉलिक मंडळी यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या कसल्याही लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. सगळे मुद्दे मिटले नाहीत, पण वसईतल्या कॅथॉलिक फादरांनी आणि नगरच्या प्रॉटेस्टंट पाळकांनी एकमेकांकडे संशयाने पाहायचं एक कारण तरी कमी झालं.

आता तारण जातं का? इथे पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत पंडिता, बुद्धीने सगळं तपासून घेतलेली बाई. पुढे मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं, विधवांसाठी जिवाचं रान केलं. आणि बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचताना, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. तो पाळक विल्यम हॅस्लम. 1851 साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्याचं परिवर्तन झालं होतं. रमाबाईंनी हे सगळं 1907 च्या आपल्या साक्षीत लिहिलंय. मला त्यातलं धैर्य मोठं वाटतं. ज्या बाईच्या बाप्तिस्म्यावरून महाराष्ट्रात एवढा गदारोळ उठला, तिने तो बाप्तिस्मा म्हणजे अर्धीच वाट होती असं छापून सांगावं! मग त्या आठ वर्षांत त्या 'मृत' होत्या का? मी तसं म्हणणार नाही. शास्त्र तारण तिन्ही काळांत बोलतं: झालं आहे, होत आहे, होणार आहे. तारीख सांगता येणारे लोक असतात, न येणारेही असतात. सभांमधून 'तुमचं तारण कुठल्या तारखेला झालं' असं विचारणाऱ्यांचा मला कंटाळा आहे.

मतभेद थोडक्यात सांगतो. कॅल्विनची परंपरा म्हणते की खरं तारण जात नाही, 1618–19 च्या डॉर्टच्या परिषदेत हे ठरलं आणि तिचा आधार योहान 10 मध्ये आहे, "त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही." मेथॉडिस्ट आणि कॅथॉलिक म्हणतात की माणूस स्वतः हात सोडवून घेऊ शकतो, आणि ते इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय दाखवतात, जिथे प्रकाश मिळूनही मागे फिरणाऱ्यांना कडक इशारा आहे. कॅथॉलिक मंडळीत परतीची वाट प्रायश्चित्त संस्काराची आहे, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात. मी स्वतः उत्तर देण्याआधी विचारणारा कोण ते बघतो. पडला, लाजला आणि आता देव मला घेईल का म्हणून थरथरतोय, त्याला मी योहान 10 वाचून दाखवतो, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं ते वचन, की आपण आपली पापं पदरी घेतली तर तो क्षमा करायला विश्वसनीय व न्यायी आहे. आणि एखादा हातावर हात ठेवून म्हणतो, "माझं तारण झालंय, आता मी भावाची जमीन दाबली तरी चालतं", तर त्याला इब्री 6. चुकीच्या माणसाला चुकीचं वचन दिलं की शास्त्रानेही माणूस मारता येतो.

आणि जिवंत असल्याची खूण योहानाच्या त्याच पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे: आपण बंधूंवर प्रीती करतो, यावरून आपल्याला कळतं की आपण मरणातून जीवनात गेलो आहोत. थोरला मुलगा 'हा माझा भाऊ' म्हणू लागला की समजायचं.

राहिले पूर्वज. तुमच्या पणजोबांच्या आधीच्या लोकांनी येशूचं नावही ऐकलं नसेल. गोव्यात राशोल इथे 1616 साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापलं गेलं, त्यात आदामाच्या पतनाची कथा होती. पण ते देशावरच्या एखाद्या गावकुसाबाहेर पोचण्याचा संभव नव्हता. कुठलाही पाळक छातीठोकपणे "ते नरकात गेले" म्हणाला, तर तो स्वतःच्या अधिकाराबाहेर बोलला. तारण ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या कुणात नाही, हे मी मानतो आणि शिकवतो. पण ख्रिस्त कुणापर्यंत कसा पोचतो, यावर माझ्या माहितीची हद्द लागू होत नाही. पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाविषयी बोलतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, तेही तारण पावू शकतात. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याला विरोध आहे, आणि विरोध करणाऱ्यांकडेही वचनं आहेत: मग सुवार्ता सांगायची कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर असं, की जिवंत झालेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही, भीती घालायचं कारण लागत नाही. अब्राहामाने सदोमासाठी रदबदली करताना विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? तोच प्रश्न मी दाराशी थांबणाऱ्या मुलांच्या हाती देतो. पूर्वजांची नावं ठाऊक असतील तर प्रार्थनेत घ्यायला माझी हरकत नाही. काही बंधू हरकत घेतील, तर त्यांच्याशी वाद घालू नका.

मित्रासाठी एक सुचवतो. त्याला शिमीची गोष्ट आधी दाखवा, कारण त्याचा मूळ आक्षेप शब्दाला जागण्याचा होता आणि त्याचं उत्तर तिथे आहे. मग उत्पत्ती 3 आणि 4 एका बैठकीत वाचायला सांगा, मध्ये न थांबता. त्यानंतर लूक 15. रोमकरांस पत्र एवढ्यात नको. तो कायद्याच्या डोक्याचा दिसतो, पाचव्या अध्यायातच तुम्हाला महिनाभर अडकवून ठेवेल.